गवंड्याची तीन कुत्री

८ जानेवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. फोन मी बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवलाय. तो वाजला की हे उठतात, चपला शोधतात आणि फाटक बंद करायला निघतात. बत्तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. फोन वाजला म्हणजे गाडी सुटली, एवढंच अंगात राहिलंय. माझं नाव राहिलं नाही, पण ते राहिलं. मागच्या महिन्यात तुमचाच फोन आला होता, आणि हे रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभे. दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबली. म्हणून यापुढे पत्रच.

लिहायचं कारण कुत्री. शेजारच्या गवंड्याने तीन पाळलीत. एक पिवळं, थोराड, एक काळी कुत्री, आणि एकाला शेपूटच नाही, त्याला मी लांड्या म्हणते. जगाच्या भिंती बांधणारा माणूस, पण स्वतःच्या अंगणाला काटक्यांचं कुंपण. रोज दहाच्या सुमाराला ती तिन्ही आमच्या अंगणात हजर. काज करायला आणलेले शाळेचे पांढरे शर्ट मी दोरीवर टाकते, त्यांवर पंजे उमटतात. ते मी पुन्हा धुईन. पण ती ह्यांच्या अंगावर येतात.

तुम्हाला इथली परिस्थिती नीट माहीत नाही, म्हणून सांगते. घरात ह्यांना चैन पडत नाही. दार वाजवत राहतात, कामावर उशीर होतोय म्हणतात, मी अडवलं की मला ढकलतात. फक्त अंगणात, खुर्चीवर, फाटकाकडे तोंड करून बसवलं की शांत होतात. दहा ते बारा. त्या दोन तासांत मी स्वयंपाक करते, अंघोळ करते, काजं करते, श्वास घेते. माझा दिवस तेवढाच आहे. कुत्र्यांनी ते दोन तास घेतले तर माझ्याकडे काही उरत नाही, वन्सं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत होईल.

तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात औषधं देता. कुत्री दूर ठेवायला काय करतात, ते कळवा.

तुमची,
वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

माफ करा, पण वाहतुकीचं वाचून मी हसले. दादा पहिल्यापासून तसाच. लहानपणी मला शाळेत सोडायचा तेव्हा रिकाम्या रस्त्यावरसुद्धा आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे बघ. त्याच्या नोकरीत एकदाही अपघात झाला नाही, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

कुत्र्यांचं एवढं मनावर घेऊ नका. आमच्याकडे रोज चाळीस येतात, सगळी माणसांपेक्षा बरी. मिऱ्याची पूड फाटकाशी टाका. लिंबाची सालं पसरा. व्हिनेगर पाण्यात मिसळून कुंपणाच्या कडेने शिंपडा, त्यांच्या नाकाला ते सोसत नाही. आणि ओरडू नका, ओरडलं की त्यांना खेळ वाटतो. फाटकाची कडी सैल असेल तर तारेने बांधून टाका. गवंड्याच्या बायकोशी गोडीत बोला. चार दिवसांत फरक पडेल.

दादाला मोकळ्या हवेत बसवता ते उत्तमच. मी येऊन गेले असते, पण इथे माणसं कमी, रजेचं नाव काढलं की मोठे डॉक्टर छताकडे बघायला लागतात. उन्हाळ्यात बघू.

तुमची नणंद


२९ जानेवारी

वन्सं,

मिरपूड टाकली. कुत्री तिच्यावरून ऐटीत चालत आली, शिंकले ते हे. एकोणीस वेळा. लिंबाची सालं लांड्याने चघळून बघितली. व्हिनेगरने माझे हात मात्र फाटले. तुम्ही उंटावरून शेळ्या हाकताय, वन्सं. रागावू नका, पण तसंच आहे.

तारेचं ऐका. मी कडीला तीन वेढे देऊन तार पिळून बांधली, पकडीने. दुसऱ्या दिवशी साडेदहाला कुत्री अंगणात आणि तार सोडवून, नीट वेटोळं करून, फाटकाच्या खिळ्याला अडकवलेली. पुन्हा बांधली. पुन्हा तेच. पाच दिवस. सोडवायची ती सोडवायची, वर वेटोळं करून ठेवायचं, म्हणजे बघा ती गवंड्याची बायको किती आखडू असेल. तीच सोडवणार, कारण गवंडी सकाळी सातला कामावर जातो, घरी तीच असते.

मी गेले तिच्याकडे. गोडीतच बोलले. ती म्हणाली, "दहाला मी त्यांना मोकळं सोडते ते आमच्या अंगणात. काटक्यांच्या कुंपणातून ती बाहेर पडतात, पण तुमच्या फाटकावरून उडी मारत नाहीत. तुमचं फाटक कोण उघडतं ते तुम्ही बघा." चोराच्या उलट्या बोंबा. कोण उघडणार? मी चुलीपाशी असते आणि ह्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. गुरुवारी पिवळा कुत्रा ह्यांच्या पायांत आला आणि हे पायरीवर पडले. कपाळाला चार टाके. डॉक्टर चौथ्या घरात राहतात म्हणून बरं, नाहीतर एवढं रक्त बघून माझीच शुद्ध गेली असती. आता डॉक्टर म्हणतात, अंगणात एकटं बसवू नका. म्हणजे ते दोन तास गेले. आठ दिवस हे आत आहेत आणि दार वाजवतायत. माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ आहेत. परवा मी चूल न पेटवता नुसती जमिनीवर बसून राहिले.

तुमच्याकडे असं काही औषध असेल ना, जे कुत्र्यांना देतात. आजारी, म्हातारी असली की. मला ते पाठवा.

तुमची,
वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

असलं पुन्हा लिहू नका. ते औषध कुलपात असतं, त्याची नोंद असते, आणि मी ते हातात धरते तेव्हा समोरच्या जनावराच्या डोळ्यांकडे बघत नाही. निरोगी कुत्र्यांसाठी कुणी मागत नसतं.

टाके पडले हे वाचून जीव खाली-वर झाला. नगरपालिकेत लेखी तक्रार करा. आठवड्यात माणूस येतो, दंडाची भीती घालतो, लोक सरळ होतात. तोवर सकाळी एखाद्या बाईला दोन तास बोलवा. तुम्ही कुणाची मदत मागत नाही, हा तुमचा जुना दोष आहे. दादा तुम्हाला ढकलतो हे मला पटत नाही. त्याने आयुष्यात मुंगीला धक्का लावला नाही. तुम्ही दमला आहात, त्यामुळे जास्त वाटत असेल.

तुमची नणंद


१३ फेब्रुवारी

वन्सं,

दोन बायका येऊन गेल्या. पहिली एक दिवस टिकली, दुसरीने अर्ध्या तासात चपला घातल्या. नगरपालिकेचा माणूस आला. तो आला तेव्हा तिन्ही कुत्री साखळीला बांधलेली, साधू बसावेत तशी. त्याने कागदावर लिहिलं, तक्रारीत तथ्य नाही. त्याचं म्हणणं मी ऐकलं आणि त्याला पाणी दिलं.

हे घरात बसत नाहीत म्हणून मी पुन्हा अंगणात बसवायला लागलेय, दर पाच मिनिटांनी बघत. रोज तार सुटलेली. रोज कुत्री.

मला जास्त वाटत नाही, वन्सं. कमीच लिहिलंय. चार वर्षं झाली. तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा दुपारच्या गाडीने परत गेलात. ह्यांनी तुम्हाला ओळखलं नाही म्हणून तुम्ही रडलात, मी तुमची समजूत घातली. मला ते रोज ओळखत नाहीत.

तुम्ही नाही पाठवलंत तर मी बाजारातून उंदरांचं आणीन. मग कुत्री तडफडून मरतील आणि मला ते खिडकीतून बघावं लागेल. काय ते तुम्ही ठरवा.

वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

सोबत पुडी आहे. पांढरी पूड, वास नाही, चव नाही. पावाच्या तुकड्यांना लावून ठेवा. त्रास होत नाही, झोप लागते आणि संपतं. दोन-तीन तास जातात. बाजारातलं काहीही आणू नका, एवढं माझं ऐका.

हात धुवा. पत्र जाळा.

तुमची नणंद


२६ फेब्रुवारी

वन्सं,

परवा पुडी उघडली. अख्खी लावली, पावाच्या बारा तुकड्यांना. ताटली फाटकाच्या आतल्या बाजूला ठेवली. तार नेहमीसारखी बांधली आणि ह्यांना खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. गवंड्याच्या बायकोला तार सोडवताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मनाला बरं वाटावं म्हणून, दुसरं काय.

ती आलीच नाही. कुत्री आली, फाटकाबाहेर ओळीने बसली. भुंकली नाहीत. वाट बघत बसली. आणि हे उठले.

शर्टाचं बटण लावता न येणाऱ्या माणसाने तार सोडवली, वन्सं. तिन्ही वेढे. वेटोळं केलं, खिळ्याला लावलं. मग उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, फाटक पूर्ण उघडलं आणि हात केला. चला म्हणून. कुत्री एकामागून एक आत आली, ह्यांनी फाटक लावलं. बत्तीस वर्षं जे केलं तेच. बाहेर कुणी खोळंबलंय आणि गाडी नाही, म्हणजे सोडायचं. इतके दिवस हेच करत होते, आणि मी त्या बाईला सरकारी माणसासमोर खोटं पाडत होते.

मग ह्यांना ताटली दिसली. खाली बसून त्यांनी एक तुकडा लांड्याला दिला, एक काळीला, एक पिवळ्याला. चौथा स्वतःच्या तोंडात टाकला. पुन्हा तीन त्यांना, एक स्वतःला. त्यांनी मला कधी एकटीने खाऊ दिलं नाही, तसंच कुत्र्यांनाही दिलं नाही.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी धावले नाही. खिडकीपासून फाटकापर्यंत अठरा पावलं आहेत, ती मी चालत गेले. पोचले तेव्हा ताटली रिकामी होती. मी ह्यांचे हात पुसले आणि खुर्चीत बसवलं. कुत्री पायाशी पसरली. डॉक्टर चौथ्या घरात. मी आत जाऊन शर्ट आणले आणि ह्यांच्यासमोर पायरीवर काजं करत बसले.

दोन-तीन तास जातात, त्रास होत नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला. ह्यांचे डोळे मिटत होते. मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. नेमके हेच शब्द आले, मी ते आणले नाहीत. मग बाकीचं आपोआप येत गेलं. उद्या उशिरा उठेन. फोन डब्यामागून काढेन. बहिणीकडे जाऊन आठ दिवस राहीन. कुणी दार वाजवणार नाही. चार शर्टांची काजं झाली, आणि कित्येक महिन्यांत इतकी सरळ झाली नव्हती. तासाभराने एकदा वाटलं, उठावं. उठले नाही. दोरा संपला तो ओवायला मात्र उठले.

दुपार कलली तेव्हा हे जागे झाले. माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बाई, केव्हाच्या बसलात. पलीकडे जायचंय का? थांबा, गाडी गेली की उघडतो."

तेव्हा मी पळाले, वन्सं. अनवाणी, डॉक्टरांच्या दारापर्यंत. कुत्र्यांसाठी ठेवलेला पाव खाल्ला, एवढंच सांगितलं. त्यांनी तपासलं, नाडी बघितली, संध्याकाळपर्यंत बसून राहिले. काही झालं नाही. कुत्र्यांनाही नाही. जाताना डॉक्टर म्हणाले, "शिळा पाव खाल्ल्याने कुणी मरत नाही, एवढ्या घाबरलात कशाला?"

पुडीत काय होतं ते मी विचारत नाही. तुम्ही चुकलात की मुद्दाम केलंत, ते तुमच्यापाशी राहू दे. मला एवढंच सांगा, त्या दुपारभर मी कोण होते. तुमचा सख्खा भाऊ आहे, तुम्हालाच विचारायला हवं.

वहिनी


१ मार्च

वहिनी,

पुडीत पिल्लांच्या हाडांना देतात ते कॅल्शियम होतं. मला वाटलं, कुत्री वाचतील, तुमचा राग आठ दिवस तरी निवेल, आणि मला यावं लागणार नाही. शेवटचं खरं कारण आहे. बाकीची दोन मी नंतर जोडली.

माझी त्रेचाळीस दिवसांची रजा शिल्लक आहे. मोठे डॉक्टर कधीच छताकडे बघत नाहीत, मी मागितलीच नव्हती. दादा मला ओळखत नाही हे मला एका दुपारीसुद्धा सोसवत नव्हतं, म्हणून मी ते तुमच्यावर टाकलं आणि वर तुमचेच दोष काढले.

तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुरून काही लिहिलं तर पुन्हा खोटंच लिहीन.

चार तारखेला सकाळच्या गाडीने येते. त्याच दिवशी दुपारच्या गाडीने तुम्ही माझ्या खोलीवर जायचं. महिनाभर. किल्ली मी हातात देईन. खाटेवरची गादी पाठीला कडक लागते, खाली जाड चादर आहे ती वर घ्या. नाही म्हणू नका, वहिनी.

तुमची नणंद


९ मार्च

वन्सं,

पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. तुमच्या शेजारणीने दार वाजवलं तेव्हा "थांबा, आत्ता उघडायचं नाही" असं ओरडले, ती बिचारी भाजी ठेवून गेली. काल खाली कुणाचा फोन वाजला आणि मीच उठून चपला शोधल्या. मग हसले. मग बराच वेळ रडले.

खिडकीतून दवाखान्याचं अंगण दिसतं. कुत्री घेऊन आलेली माणसं तास तास बाकावर बसतात, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून. मला ते बघवत नाही. मी खिडकी लावून घेते.

हे जेवतात का? डाव्या बाजूने भरवा, उजवीकडचा दात दुखतो. अंघोळीला आधी पाय भिजवा, एकदम डोक्यावर पाणी घेतलं की घाबरतात. ढकलतात का? तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून काळजी वाटते. जड होत असेल तर उद्या निघते. पत्रांतलं माझं बोलणं तुम्हाला रुचलं नसेल, तरी निघते.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

लिहायला वेळ मिळाला नाही. तुम्हाला हे सांगायला नको.

कुत्र्यांचं आधी सांगते. गवंडी विटा घेऊन आला होता. म्हणाला, वहिनींना इतका त्रास झाला, मी कमरेएवढी भिंत घालून देतो. मी त्याला चहा दिला आणि विटा परत न्यायला लावल्या. तार काढून टाकली आहे. दादा दिवसातून बारा-पंधरा वेळा फाटक उघडतो, त्या तिघांना आत घेतो, बाहेर सोडतो. पायांत येऊ नयेत म्हणून मी कुत्र्यांना फाटकापासून लांब बसायला शिकवलंय, हे एक काम मला येतं. गवंड्याच्या बायकोची तुमच्या वतीने माफी मागितली. ती म्हणाली, "मी रोज बघत होते, पण सांगितलं असतं तर वहिनींनी खुर्चीच आत नेली असती."

दोन तास मिळतात. तुम्ही लिहिलं होतंत तसेच, दहा ते बारा. बाकीचे बावीस मला माहीत नव्हते. तो ढकलतो. माझ्याही दंडावर वळ आहेत. तुम्हाला जास्त वाटत असेल, असं मी लिहिलं होतं, ते वाक्य मी रोज आठवते.

काल तुम्ही सांगितलं तसे आधी पाय भिजवले. तरी तो बिथरला, मला आई म्हणाला, मग चोर म्हणाला, आणि उठायला गेला तो ओल्या फरशीवर घसरला. न्हाणीतल्या हौदाचा काठ एका हाताने धरून अर्धवट लटकत राहिला. सुटला असता तर डोकं दगडी उंबरठ्यावरच आपटलं असतं. मी दारात होते, हातभर अंतरावर. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी हात पुढे केला नाही. विचार करत नव्हते, नुसती उभी होते. त्याची बोटं एकेक करून सुटताना दिसत होती. शेवटचं सुटायच्या आधी मी धरलं. तो वाचला, गुडघा सोलवटला तेवढाच. नंतर मी त्याला पुसलं, कपडे घातले, आणि त्याने मला विचारलं, "तुमच्या गाडीला उशीर तर नाही ना झाला?"

तुम्ही विचारलं होतंत, त्या दुपारभर मी कोण होते. आता सांगते, कारण आता मला माहीत आहे. काल त्या दारात तीच बाई उभी होती, आणि ती त्याच्या पाठची सख्खी बहीण होती. तुम्हाला तिथवर यायला चार वर्षं लागली, वहिनी. मला सोळा दिवस.

महिना पुरा करूनच या. त्याआधी आलात तर मी फाटक उघडणार नाही. आणि आलात की मी जाणार नाही, दुसरी खाट मी सुताराला सांगितली आहे.

तुमची नणंद